बत्तीसच्या आधीचा दोन

१

पंढरी सुरनरचं बाळ निळं पडलं तेव्हा गल्लीत टँकर आला होता. हंडे, बादल्या, पाइप ओढायची भांडणं यांचा असा कालवा चालला होता, की तारामतीनं घरातून मारलेली पहिली हाक कुणाला ऐकूच गेली नाही. पंढरी आत आला तोवर बाळाचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. रिक्षा मिळाली, दवाखानाही उघडा होता, डॉक्टरांनी धावपळही केली. संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

लातूरच्या वीरभद्र नगरातलं त्या उन्हाळ्यातलं हे तिसरं बाळ.

डॉक्टर तरुण होता. पहिल्या दोन बाळांच्या वेळी त्याला वाटलं होतं, हृदयाला भोक असेल. तिसऱ्यांदा त्यानं रक्त बघितलं. रक्त तपकिरी होतं. टँकरच्या पाण्यात नायट्रेट फार असलं पाहिजे, असं त्यानं पंढरीला सांगितलं. मोठ्या माणसाला ते सहसा बाधत नाही, पण बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाचं रक्त त्यानं नासतं, आणि पाणी उकळलं तर पाणी उडून जातं, नायट्रेट मागं राहतं. तारामती रोज दोनदा पाणी उकळायची. दवाखान्यातल्या बाईनं तसं सांगितलं होतं म्हणून.

पंढरी डाळीच्या मिलमध्ये हमाली करायचा. बाळाचा तिसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो कोर्टाच्या आवारात आला आणि नागम्मा बिरादारांच्या टेबलासमोर उभा राहिला. बसला नाही.

नागम्मा उदगीरच्या. लातूर जिल्हा नव्हता तेव्हा दाव्याच्या तारखेला एसटीनं उस्मानाबादला जायच्या. जिल्हा झाला, कोर्ट इथं आलं, तशा त्याही इथं आल्या. वकिली चांगली होती आणि रागीट म्हणून नावही होतं. मात्र त्या रागावल्या की आवाज चढायचा नाही, खाली जायचा. समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागायचं.

पंढरीनं सांगितलं ते एवढंच. नव्या जिल्ह्याला पाणी तपासायचं केंद्र मिळालं होतं आणि कुठल्याशा परदेशी संस्थेनं त्या केंद्राला मशीन दिलं होतं. रेणापूरच्या बाजूच्या ज्या विहिरीतून टँकर भरायचे, तिचं पाणी त्या मशीनवर तपासलं होतं. कागदावर नायट्रेट बत्तीस आलं. पंचेचाळीसपर्यंत चालतं, म्हणून विहीर चालू झाली. आता केंद्रानं राखून ठेवलेल्या त्याच बाटलीतलं पाणी पोलिसांनी औरंगाबादेला पाठवलं, तर तिथं आलं दोनशे बत्तीस.

"मशीनचा प्रोग्राम लिवणारा नांदेडचा मास्तर हाय. त्यानं दोनच आकड्यांची जागा ठेवली म्हणतेत. फौजदारानं उचलून आणलंय त्याला," पंढरी म्हणाला. "वकीलबाई, मला पैसे भरून न्हाई पायजेत. त्याला सोडू नका."

"सोडणार न्हाई," नागम्मा म्हणाल्या. ते ऐकायला पंढरीला पुढं वाकावं लागलं.

२

फौजदार गुरुबसप्पा हलगे नागम्मांना ओळखून होते. त्यांनी कोठडीचं दार उघडून दिलं आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसले.

नरसिंग मूळचा देगलूरचा, नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. दाढी वाढलेली, चष्म्याची एक काडी मोडलेली. नागम्मांनी त्याला आधी बोलू दिलं नाही. पहिल्या दोन बाळांची नावं सांगितली. तिसऱ्याचं नाव अजून ठेवलं नव्हतं, तेही सांगितलं. मग विचारलं, दोनच आकड्यांची जागा का ठेवली?

"मी तीन आकड्यांची ठेवली होती," तो म्हणाला. "एवढं कुणी ऐकून घेईना."

त्यानं कागद मागितला. नागम्मांनी दिला, पण पेन हातातून सोडताना त्यांनी क्षणभर धरून ठेवलं. नरसिंगनं कागदाची लांब पट्टी फाडली आणि तिच्यावर आकडे लिहिले.

०४१२३२०४८०

मशीन एका बाटलीची तपासणी झाली की अशी एक ओळ पाठवतं, त्यानं सांगितलं. मध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही. कुठला आकडा कशाचा, हे फक्त जागेवरून कळतं. पहिले तीन विहिरीचा नंबर, पुढचे तीन नायट्रेट, शेवटचे चार क्लोराईड. प्रोग्रामचं काम ती ओळ ठरलेल्या जागी कापायचं. परदेशी मशीनमध्ये फोर्थ नावाची भाषा होती. तिची गंमत अशी, की तिच्यात आपण आपले शब्द भरू शकतो. नरसिंगनं दोन शब्द भरले होते, रोमन अक्षरांत पण मराठी: 'काप' आणि 'फेक'.

"या भाषेत सगळं एकावर एक ठेवायचं असतं. शेवटी ठेवलेलं पहिल्यांदा हाताला लागतं." त्यानं तीन आकडे मोजून पट्टी फाडली. उरलेली पट्टी जमिनीवर ठेवली आणि फाडलेला तुकडा तिच्यावर. "तीन काप म्हणलं की असं होतं. तुकडा वर, उरलेली ओळ खाली. वरचा वाचला, छापला, उचलला. आता उरलेली ओळ वर आली. तिला परत तीन काप. मग चार. एकूण तीनदा कापायचं, एवढाच प्रोग्राम."

नागम्मांनी 'फेक' कशासाठी ते विचारलं. मशीन कधीकधी ओळीच्या शेवटी रिकामी जागा पाठवायचं, ती टाकून द्यायला, तो म्हणाला. वरचा तुकडा न वाचताच उचलून टाकायचा.

"तुमच्या प्रोग्रामला तीन आकडे कळत होते, याला पुरावा?"

"हिवाळ्यात औशाकडच्या एका विहिरीचं एकशे अठरा आलं होतं. ती बंद केली. लोकांना आठवत असंल."

लोकांना चांगलंच आठवत होतं. त्या गावानं कलेक्टर कचेरीवर मोर्चा आणला होता: दुसरं पाणी न देता आमची विहीर बंद कशी करता म्हणून. बायकांनी रिकाम्या घागरी पायरीवर आपटल्या होत्या. फौजदार हलग्यांनी स्वतः बंदोबस्त केला होता, आणि बाहेरच्या खुर्चीवरून त्यांनीच हे सांगितलं. केंद्राच्या प्रमुखांना त्या दिवशी वर बोलावून सगळ्यांसमोर झापलं होतं, असंही ते म्हणाले.

मग मशीनमध्ये जाऊन प्रोग्रामच का बघत नाही? नागम्मांनी विचारलं. हलगे कसनुसे हसले. पंढरीचं बाळ गेलं त्याच दिवशी मशीनची डिस्क कोरी झाली होती. वीज गेली आणि आली, त्यात गेली म्हणे. मूळ प्रोग्रामची एक प्रत नांदेडला नरसिंगच्या कपाटात होती, आणि तिच्यात तीन आकड्यांचीच जागा होती. पण ती त्यानं मागाहून सुधारली नसेल कशावरून?

आणि होळीनंतर मशीनचा पंखा बिघडला तेव्हा तो दुरुस्त करायला नांदेडहून कोण आलं होतं? नरसिंगच. एकशे अठरा त्याच्या आधीचे, बत्तीस त्याच्या नंतरचे.

"म्हणजे पंख्याला हात लावता लावता प्रोग्रामलाही लावला, आणि तीनचे दोन झाले," हलगे म्हणाले. "चूक म्हणा. पण बाळं गेली की."

३

वकिलांच्या खोलीत दुपारी कुणी नसायचं. वर पत्रे, त्यामुळे माणसं झाडाखाली बसायची. नागम्मा मात्र त्या भट्टीत बसून पट्ट्या फाडत राहिल्या. त्यांना नरसिंगची चूक स्वतःच्या हातानं करून बघायची होती. एकदा ती हातानं केली, की कोर्टात तोंडानं सांगता येईल.

०४१२३२०४८०. तीन काप: ०४१. विहीर एकेचाळीस, बरोबर. आता तीनच्या ऐवजी चुकून दोन काप.

हातात आले तेवीस.

त्या पट्टीकडे बघत राहिल्या. बत्तीस नव्हे, तेवीस. उरलेली पट्टी होती २०४८०. तिचे पहिले चार क्लोराईडला गेले: दोन हजार अठ्ठेचाळीस. केंद्राच्या कागदावर क्लोराईड होतं चारशे ऐंशी. औरंगाबादेलाही चारशे ऐंशीच.

त्यांनी दुसरी पट्टी घेतली. समजा, पहिलाच काप चुकून चारवर बसला. मग विहिरीचा नंबरच बदलून चारशे बारा होतो, आणि नायट्रेटच्या जागी तीनशे वीस येतात. तसंही झालेलं नव्हतं.

एक काप चुकला की त्याच्या पुढचं सगळं सरकतं, कारण पुढचा काप उरलेल्या ओळीवरच बसतो. इथं मागचं बरोबर होतं, पुढचंही बरोबर होतं, आणि मधला एकच आकडा नाहीसा झाला होता. नागम्मांनी तसं घडवायचा प्रयत्न केला. ते एकाच रीतीनं घडलं. तीन काप. मग एक काप, आणि तो तुकडा, तो दोन, न वाचता फेक. मग दोन काप: बत्तीस. मग चार काप: चारशे ऐंशी.

तीनदा कापायच्या जागी चारदा. कुणीतरी एक काप जास्तीचा घातला होता, आणि पुढच्या कापाची लांबी त्याच्या मापानं बेतली होती, क्लोराईड हलू नये म्हणून. हात चुकला की असं होत नाही. शंभराच्या वरचं नायट्रेट कुठल्याही विहिरीचं कधीच दिसू नये, एवढ्यासाठी हे बसून केलेलं होतं.

नागम्मा पट्ट्या घेऊन कोठडीकडे गेल्या. तीन बाळांचा अपघात होता तेव्हा त्यांना राग होता. आता जे होतं त्याला राग हा शब्द अपुरा होता.

नरसिंगनं पट्ट्या बघितल्या. त्याला एका नजरेत कळलं. पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला, की आपण चुकलो नव्हतो. मग हळूहळू तो चेहरा पांढरा पडला.

"अक्का," तो म्हणाला, "चूक असती तर मी वर्षभरात सुटलो असतो. हे जाणून केलंय म्हणल्यावर मला फाशीच की. ही भाषा लातुरात येतीय कुणाला?"

"तेच विचारायला आले मी," नागम्मा म्हणाल्या. "तुमच्याशिवाय कुणाला येतीय?"

त्यानं पट्ट्या परत एकावर एक रचल्या. मग म्हणाला, मशीन आलं तेव्हा केंद्रातल्या दोघांना त्यानं नांदेडला शिकवलं होतं. मशीन चालवणारी पंचफुला आणि प्रमुख अण्णाराव साखरे.

४

पंचफुला केंद्रात रोजंदारीवर होती. नागम्मांना बघून ती मशीनच्या मागं जाऊन उभी राहिली. मला काही येत नाही, मी बटन दाबते, असं तिनं तीनदा सांगितलं. नांदेडचा वर्ग? चार दिवस गेले होते, डोक्यावरून गेलं. ती खोटं बोलत होती, हे कळायला वकिली लागत नव्हती. टेबलावर तिच्या हस्ताक्षरात फोर्थचे शब्द लिहिलेला पुठ्ठा चिकटवलेला होता.

नागम्मांनी तो पुठ्ठा बोटानं दाखवला तशी ती रडायलाच लागली. आपल्याला येतं म्हटलं तर आपल्यावर येईल, म्हणून ती भ्यायली होती. मग एकदम रागानं म्हणाली, की तिच्या बहिणीचं बाळ याच पाण्यानं निळं पडलं होतं. वीरभद्र नगरातच राहते बहीण. बाळ वाचलं, सोलापूरला नेलं म्हणून.

"पाणी चांगलं हाय म्हणून मीच सांगितलं व्हतं तिला," ती म्हणाली. "कागद माझ्याच हातानं निघाला व्हता. बत्तीस. मीच म्हणले, बिनघोर पाज."

तिथून नागम्मा विहिरीवर गेल्या. रेणापूरच्या अलीकडे गुरुलिंगप्पांची मोसंबीची बाग होती, म्हणजे आता नुसते वाळके बुंधे. विहिरीवर सरकारी मोटर बसलेली, टँकरची रांग लागलेली. गल्लीत लोक म्हणत होते, गुरुलिंगप्पानं विहीर चालू राहावी म्हणून कुणाचा तरी हात ओला केला असणार. ते ऐकून म्हातारा असा भडकला की काठी घेऊन उठला. विहीर सरकारनं ताब्यात घेतली होती, त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. पाणी स्वतःच्या बागेला राहिलं असतं तर झाडं तरी जगली असती.

"बंद करा म्हणून मीच अर्ज दिलते की ओ," तो म्हणाला. "तुमचा तो साखरेसाब दोनदा आला इथं. पयल्यांदा पाणी नेलं. दुसऱ्यांदा आला ते नुसता विहिरीभोवती फिरला, आन् मला म्हणला, हा उकिरडा इथून हलवा, लांब न्या. मी म्हणलं, आजा-पणज्यापासून हितंच हाय उकिरडा, आज काय झालं? तर काही बोलला न्हाई."

उकिरडा हलवला होता. विहिरीपासून थोड्या अंतरावर जमिनीला अजून त्याचा काळा गोल डाग होता.

अण्णाराव साखरे वीरभद्र नगराच्या टोकाला, पंढरीच्या भिंतीला भिंत लागून राहत. सज्जन माणूस, असं सगळीकडून ऐकलं होतं, आणि घरात पाऊल टाकल्यावर तसंच वाटलं. मुलगी सुमित्रा बाळंतपणाला आलेली, चुलीपाशी बायको, ओसरीत झोळी, दारात टँकरच्या पाण्याचे दोन ड्रम. अण्णारावांनी नागम्मांना खुर्ची दिली. तीन बाळांचं बोलताना त्यांचे डोळे भरून आले. नरसिंग गुणी पोरगा, पण दुष्काळात पाणी आटलं की नायट्रेट कसं वाढतं याचा त्याला अंदाज आला नाही, असं ते म्हणाले. दोनच आकड्यांची जागा. दुसऱ्या कुणाचा दोष नव्हे.

चहा झाला. नागम्मांना तहान लागली होती. कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेली कळशी दिसली, म्हणून त्यांनी तिकडे हात केला.

"ते नको, ते बाळाचं हाय," सुमित्रा घाईनं म्हणाली आणि ड्रममधला तांब्या भरून आणला. "देवळाच्या आडाचं पाणी हाय. बाळ झाल्या दिवसापासून बाबा रोज सकाळी सायकलवर जाऊन आणतेत."

"बायकांच्या समजुती," अण्णाराव हसून म्हणाले. "देवाचं पाणी पाजलं की बाळ गुटगुटीत होतं म्हणे. काय करता."

नागम्मा ड्रमचं पाणी प्यायल्या. अण्णारावही त्याच तांब्यातून प्यायले.

५

रस्त्यानं परत येताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती नीट हाताला लागत नव्हती. केंद्राचा प्रमुख, रसायनशास्त्राचा एमएस्सी. मुलीच्या समजुतीला हसतो. पण पहाटे उठून सायकल कोण मारतं? तोच.

त्या रस्त्यातच थांबल्या. ऊन डोक्यावर होतं. एक माणूस त्यांना चुकवून सायकल काढून गेला.

आता त्यांनी उलटीकडून धरलं. प्रोग्राम कुणाला बदलता आला असता, याचं उत्तर तीन नावांवर अडत होतं. पण तो कुणी बदलला याला एक दुसरीही खूण असली पाहिजे होती: खरा आकडा ज्याला माहीत होता, तो जाणून वागणार. पंचफुलाला माहीत असतं तर तिनं सख्ख्या बहिणीच्या बाळाला ते पाणी पाज म्हटलं नसतं. नरसिंगनं विहीर पाहिलेली नव्हती, उकिरडा कुठं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. उकिरडा हलवा म्हणणारा माणूस एकच होता. उकिरड्याची घाण जमिनीतून पाण्यात झिरपली की नायट्रेटच वाढतं, हे त्याला माहीत असणारच. पण ज्याच्या कागदावर बत्तीस आहे त्यानं उकिरड्याची काळजी का करावी?

आणि नायट्रेट मोठ्या माणसाला बाधत नाही, फक्त तान्ह्याला बाधतं, हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्याचं घर कसं वागेल? मोठी माणसं ड्रमचं पितील. झोळीतल्याला आडाचं, आणि तेही औरंगाबादचा कागद येण्याच्या कितीतरी आधीपासून.

नागम्मा फौजदाराकडे गेल्या आणि हे सगळं त्यांच्यासमोर मांडलं, पट्ट्यांसकट. हलगे ऐकून घेत गेले. शेवटी म्हणाले, "बाई, पटलं मला. पण कळशीवर कोर्ट माणसाला आत टाकतंय होय?"

"कोर्टाचं मी बघते. तुमी उद्या सकाळी नुसते माझ्यासंगं चला," नागम्मा म्हणाल्या. "टँकर यायच्या वेळेला."

६

अण्णाराव नुकतेच सायकलवरून उतरले होते. कळशी हातात होती. फौजदाराला बघून त्यांनी ती खाली ठेवली.

नागम्मांनी आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, बाळाला आडाचं पाणी द्यायचं, हे पहिल्यांदा कुणाच्या मनात आलं? अण्णाराव म्हणाले, सांगितलं ना, लेकीची श्रद्धा.

सुमित्रा झोळीजवळ उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ती सरळ बोलली.

"बाबा, मी कुठं म्हणले होते? तुमीच म्हणलात. ड्रमचं थेंबभर द्यायचं न्हाई, औषधात सुद्धा न्हाई. आईनं नवस बोलला होता म्हणलात."

"सुमे, आत जा."

ती गेली नाही. वडिलांचा चेहरा तिनं बघितला, मग फौजदाराचा, मग नागम्मांचा. आणि तिला भिंतीपलीकडची तारामती आठवली असावी, कारण तिचा हात झोळीच्या दोरीवर घट्ट झाला.

"तारामतीनं तांब्याभर मागितलं होतं," ती म्हणाली. "बाळाला बरं न्हाई म्हणून. मी देणार होते. तुमी म्हणलात, दुसऱ्याला दिलं की नवस मोडतो. मी न्हाई म्हणले तिला. बाबा, ते का म्हणलात तुमी?"

अण्णाराव खुर्चीवर बसले. माणूस अजूनही काही बहाणा काढील असं नागम्मांना वाटत होतं, पण लेकीसमोर त्याला तो सुचला नाही.

त्यांनी सांगितलं ते सगळं एका दमात. ती बाटली त्यांनी रविवारी एकट्यानंच मशीनला लावली होती. खरा आकडा बघून जास्तीचा काप घातला आणि दुसऱ्या दिवशी तीच बाटली पंचफुलाला पुन्हा लावायला दिली; पंढरीचं बाळ गेलं तेव्हा डिस्कही त्यांनीच कोरी केली. औशाची विहीर बंद केली तेव्हा मोर्चा आला, घागरी फुटल्या, वर त्यांना विचारलं गेलं की पर्यायी पाणी तुम्ही देणार का. मग ही दुसरी विहीर, दोनशे बत्तीस. हिच्याशिवाय या भागाला पाणीच नव्हतं. बंद केली असती तर हजारो माणसं तहानेनं मेली असती. मोठ्यांना काही होत नाही. त्यांनी उकिरडा हलवायला लावला होता, पावसाळ्यापर्यंत आकडा खाली येईल असं वाटलं होतं. बाटलीवरची बाळं गल्लीत किती असणार? आणि पहिलं गेलं तेव्हा डॉक्टर हृदय म्हणाले, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. ठेवावासा वाटला.

"माझ्या जागी कुणीही असतं तर हेच केलं असतं," ते म्हणाले.

"विहीर बंद केली न्हाई, हे बरोबर केलंत," नागम्मा म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की हलगेही वाकले. "पण टँकरवर भोंगा लावून एक वाक्य सांगायचं होतं. तान्ह्या बाळाला हे पाणी देऊ नका. बस. ते का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर कुणीच ते पाणी घेतलं नसतं. लोक अडाणी आहेत, बाई. विष म्हणाले असते. दंगा झाला असता."

"तुमी हितं सांगितलं की, तुमच्या घरात. तुमची बायको ड्रमचंच पिते. लेक पिते. तुमी काल माझ्यासमोर प्यालात. सांगितल्यावर कुणी सोडलं पाणी?"

अण्णारावांची नजर दारातल्या ड्रमकडे गेली.

"खरं सांगितलं की लोक घाबरतेत, हे तुमी लोकांवर टाकलंत," नागम्मा म्हणाल्या. "तुमी मोर्चाला घाबरला होतात. आन् त्या भीतीपायी पंढरीच्या तान्ह्याला उकळून उकळून ते पाजू दिलंत. भिंतीच्या पलीकडं. तुमाला त्याचं रडणं ऐकू येत होतं."

सुमित्रानं बाळ झोळीतून उचललं आणि वडिलांकडे न बघता ती बाहेर गेली. पंढरीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत जायला मात्र तिचं पाऊल उचलेना.

७

नरसिंग सुटला. नांदेडला जाण्याआधी तो केंद्रात गेला, आपली प्रत मशीनमध्ये घातली, आणि पंचफुलाला समोर बसवून जिल्ह्यातल्या चालू विहिरींच्या सगळ्या बाटल्या पुन्हा तपासल्या. आणखी चार विहिरी शंभराच्या वर निघाल्या. प्रत्येक आकडा पंचफुलानं मोठ्यानं वाचला, तीनही अंक सुटे सुटे.

पंढरी नागम्मांकडे आला तेव्हा पहिल्यांदा बसला. त्यानं विचारलं, माणूस खरंच लोकांसाठी म्हणून असं करू शकतो का? नागम्मा समोरचे कागद आवरायला लागल्या. त्यांना त्या प्रश्नाचाही राग आला होता, आणि पंढरीवर राग काढायचा नव्हता.

दोन दिवसांनी टँकरवर भोंगा लागला. नागम्मा मुद्दाम वीरभद्र नगरात जाऊन थांबल्या. टँकर त्याच विहिरीचा होता, पाणी तेच होतं. भोंग्यातून माणूस ओरडत होता: या पाण्यात नायट्रेट जास्त आहे, मोठ्यांनी प्यायला हरकत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला थेंबभर देऊ नका, उकळूनही देऊ नका, बाळाचं पाणी मागच्या जीपमध्ये वेगळं आहे.

रांगेतल्या बायकांनी ऐकलं. एकमेकींकडे बघितलं. ज्यांच्या घरी तान्हं होतं त्या तांब्या घेऊन जीपकडे गेल्या आणि भरून परत रांगेत येऊन उभ्या राहिल्या. बाकीच्या जागेवरच थांबल्या. कुणी विष म्हणालं नाही. कुणी घागर फोडली नाही. कुणाचा तरी हंडा पुढं घुसला, त्यावरून नेहमीसारखं भांडण लागलं.

रांग एका माणसानंही कमी झाली नाही. ती संपेपर्यंत नागम्मा उन्हात उभ्या होत्या.